मोशन डिझाइनचं नियोजन आणि कन्सेप्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये मोशन डिझाइनचं काम करताना आणि शिकवताना काही प्रश्न सतत येत राहतात. ते क्लासमधल्या मुलांकडून येतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या मार्केटिंगवाल्यांकडून येतात, दिंडोरी-निफाडच्या शेतकरी कंपन्यांकडून येतात आणि घरी बसून एकट्याने काम करणाऱ्यांकडूनही. इथे फक्त सॉफ्टवेअर उघडण्याआधीच्या कामाचे प्रश्न घेतले आहेत, कारण बहुतेक व्हिडिओ फसतात ते त्या टप्प्यावर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोशन डिझाइन म्हणजे ॲनिमेशनच ना? मग नियोजन वेगळं कशाला?

ॲनिमेशन हे तंत्र. मोशन डिझाइनमध्ये त्या तंत्राने अक्षरं, आकृत्या, आकडे, लोगो हलवून माहिती पोचवायची असते. इथे बहुधा पात्रं नसतात आणि हातात असतात ३० ते ९० सेकंद. पात्र असलं की प्रेक्षक त्याच्यासाठी थांबतो. ते नसेल तर प्रत्येक हालचालीला स्वतःचं कारण लागतं. ते कारण आधी शोधून ठेवणं, हेच नियोजन.

२. स्क्रिप्ट तयार आहे, लोगो आहे, रंग ठरलेत. मग कन्सेप्ट म्हणजे आणखी काय हवं?

स्क्रिप्ट काय बोलायचं ते सांगते. पडद्यावर काय हलणार आणि का हलणार, हे कन्सेप्ट सांगतो. तो एका वाक्यात मांडता आला पाहिजे.

समजा, दिंडोरीच्या एका द्राक्ष उत्पादक कंपनीला सभासदांना सांगायचंय की माल तोडल्यावर ताबडतोब प्री-कूलिंगला (साठवणीआधी झटपट थंड करायला) आणा. नेहमीचा मार्ग असा: बाग, क्रेट, ट्रक, शीतगृह असे आयकॉन एकामागून एक येतात आणि मागे निवेदन चालू राहतं. त्यात चूक काही नाही, पण तेवढंच पोस्टरवर छापलं असतं तरी भागलं असतं.

आता घडाकडे नीट बघा. तोडल्यावर घडातलं पाणी उडायला लागतं आणि ते सगळ्यात आधी कळतं देठावर. मणी अजून टवटवीत दिसतात, देठ मात्र तपकिरी पडायला लागतो. माल ताजा आहे की शिळा, हे जाणकार खरेदीदार देठ बघूनच ओळखतो. म्हणून कन्सेप्टचं वाक्य होतं: ‘घड तोडला की देठाचं घड्याळ सुरू होतं.’ मग पडद्यावर एकच घड ठेवायचा. मागची बाग सरकते, क्रेट येतो, सावली लांबते, रस्ता पळतो, घड मात्र जागेवरच. बदलतो फक्त देठाचा रंग, टोकापासून हळूहळू. प्री-कूलिंगच्या दारात तो बदल थांबतो. निवेदनाची निम्मी वाक्यं आता लागतच नाहीत.

कन्सेप्ट तपासायचा साधा उपाय: व्हिडिओतली एक फ्रेम छापून भिंतीवर लावली तर पूर्ण संदेश कळतो का? कळत असेल, तर तो कन्सेप्ट पोस्टरचा आहे आणि मोशनचा अजून सापडायचाय.

३. क्लायंट म्हणतो, ‘काहीतरी भारी करा.’ यातून ब्रीफ (काम कशासाठी, कुणासाठी याची लेखी माहिती) कसा काढायचा?

त्याला ‘तुम्हाला काय आवडतं’ असं विचारू नका. त्याच्या उत्तरात दुसऱ्या कुणाचा तरी व्हिडिओच येणार. त्याऐवजी हे विचारा: हा व्हिडिओ कोण, कुठे, कशावर बघणार? आवाज चालू असेल की बंद? बघून झाल्यावर त्या माणसाने नेमकं काय करायला हवं? आणि शेवटचा ‘ओके’ कोण देणार? हा चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा (तो का, ते प्रश्न १९ मध्ये).

उत्तरं मिळाली की जागेवर जा. अंबडच्या कारखान्याचा व्हिडिओ ऑफिसात बसून ठरवण्यात अर्थ नाही. शॉप फ्लोअरवर तासभर उभे राहा, ऑपरेटरशी बोला. मार्केटिंगचा माणूस ‘उत्कृष्ट दर्जा’ म्हणतो. ऑपरेटर सांगतो की हा पार्ट तपासताना तो आधी अंगठ्याने कड चाचपतो, मग गेज (माप तपासायचं साधन) लावतो. तुमच्या व्हिडिओची सुरुवात त्या अंगठ्यात आहे. असं काही ब्रीफच्या कागदावर कधीच येत नाही, म्हणून त्या भेटीचे पैसे कोटेशनमध्येच धरावेत.

परत आल्यावर पानभर ब्रीफ तुम्हीच लिहा आणि क्लायंटला वाचून सही करायला सांगा.

४. ब्रीफ हातात आहे, पण डोकं रिकामं आहे. सुरुवात कुठून करू?

क्रियापदांपासून. त्या वस्तूच्या किंवा सेवेच्या आत काय घडतं याची क्रियापदं कागदावर लिहा: गाळणे, पिळणे, विणणे, तुटणे, साठणे, वाट बघणे. नामांची यादी केली की आयकॉन सुचतात. क्रियापदांच्या यादीतून हालचाल सुचते.

येवल्याची पैठणी घ्या. नामं काढली तर मोर, कमळ, जर, पदर. हे सगळे दाखवतात. क्रियापद एकच आहे, विणणे, आणि त्याची रीत खास आहे. पदरावरची नक्षी कापडावर वरून भरलेली नसते. प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) आपल्यापुरता जाऊन शेजारच्या रंगाच्या बाण्यात अडकून परततो, म्हणून हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. याचा अर्थ, तुमच्या व्हिडिओत मोर फेड होऊन येता कामा नये. तो ओळीओळीने वर चढला पाहिजे, आधी पाय, मग पोट, शेवटी तुरा. आणि एका क्षणी कापड उलटायचं, मागेही तोच मोर. पॉवरलूमच्या नकलेपासून अस्सल पैठणी ओळखायची एक खूणही त्याच हालचालीत सांगून होते.

दुसरा मार्ग म्हणजे डोळ्याला काय दिसत नाही ते शोधणं. सर्किट ब्रेकर ट्रिप होतो तो काही मिलिसेकंदांत. कॉन्टॅक्ट सुटतात, मध्ये आर्क (विजेची ठिणगी) पेटतो, आर्क शूट या भागातल्या पट्ट्या त्याचे तुकडे करून तो विझवतात. बाहेरून आपल्याला फक्त ‘टक्’ ऐकू येतं. तो ‘टक्’ २० सेकंदांचा करून दाखवणं हा पुरेसा कन्सेप्ट आहे.

५. मूडबोर्ड (कामाचा बाज दाखवणारा चित्रांचा तक्ता) बनवताना इंटरनेटवरचे व्हिडिओ घेतले तर कॉपी होते का?

रंग, पोत, वेग यांची दिशा दाखवायला घेतले तर नाही. पण तीन रेफरन्स एकाच स्टुडिओचे असतील तर काम त्यांच्यासारखं होणारच, कितीही ठरवलं तरी. माझा आग्रह असतो की निम्मी चित्रं स्क्रीनवरून घेऊच नयेत. सराफ बाजारातल्या जुन्या पाट्या, रंगपंचमीच्या रहाडीतलं (रंग खेळायच्या हौदातलं) पाणी, पंचवटीतल्या वाड्यांचं लाकूडकाम, मार्केट यार्डात ओतलेला कांदा, यांचे फोटो स्वतः काढा. प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहा: ‘यातला फक्त रंग’, ‘यातला फक्त वेग’. ती ओळ नसेल तर क्लायंट चित्रातलं सगळंच मागतो.

६. एका मिनिटाच्या मराठी व्हिडिओला किती शब्दांची स्क्रिप्ट लागते?

मी ११० शब्द धरतो. वेगाने वाचलं तर १२५ बसतात, पण मग चित्राला श्वास घ्यायला जागा राहत नाही. इंग्रजी निवेदनाचं मिनिटाला १५० शब्दांचं गणित मराठीला लावू नका. आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात.

आकडे तर हमखास फसवतात. कागदावर ‘₹१,२५,०००’ हा एक शब्द दिसतो, पण बोलताना ‘एक लाख पंचवीस हजार रुपये’ होतो. टोल-फ्री नंबर निवेदनात वाचला तर चार-पाच सेकंद गेलेच, तो पडद्यावर दाखवा. स्क्रिप्ट स्वतः मोठ्याने वाचून मोबाइलवर वेळ मोजा. मनात वाचलेली स्क्रिप्ट नेहमी छोटीच वाटते.

आणि मराठी प्रेक्षकासाठीची स्क्रिप्ट मराठीतच लिहा. आधी इंग्रजीत मंजूर करून मग भाषांतराला पाठवलेली स्क्रिप्ट ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्यात कळते.

७. मला चित्र काढता येत नाही. स्टोरीबोर्ड (व्हिडिओचा चौकटी-चौकटींतला आराखडा) कसा करू?

चौकोन, गोल आणि बाण एवढं आलं की पुरे. चित्राखालच्या नोंदीवर जास्त मेहनत घ्या: काय हलतं, कुठून कुठे, किती सेकंद, त्या वेळी निवेदनाचा कुठला शब्द चालू आहे, आणि इथून पुढच्या चौकटीत जायचं कसं. सगळ्यात जास्त चुकतं ते हे शेवटचं. दहा सुंदर चौकटी तयार असतात आणि त्यांच्यामधला प्रवास कुणी ठरवलेलाच नसतो. मग ऐन वेळी रेडीमेड ट्रान्झिशन टाकलं जातं आणि आधीचा सगळा विचार त्याखाली झाकला जातो.

८. स्टाईल फ्रेम (शैली दाखवणाऱ्या, पूर्ण सजवलेल्या नमुना चौकटी) किती करायच्या? स्टोरीबोर्डच्या आधी की नंतर?

तीन पुरतात, आणि कच्च्या स्टोरीबोर्डनंतर. कुठल्या तीन, हे महत्त्वाचं. शीर्षकाची फ्रेम छान दिसणारच, तिच्यावरून काही कळत नाही. ज्या फ्रेममध्ये सगळ्यात जास्त माहिती आहे, ज्यात सगळ्यात जास्त मराठी मजकूर आहे आणि जी ॲनिमेट करायला सगळ्यात अवघड आहे, त्या तिन्ही करा. शैली त्यांत टिकली तर बाकीच्या सगळ्यांत टिकते.

दोन पर्याय दाखवायचे असतील तर दोन्ही तुम्हाला मनापासून करावेसे वाटले पाहिजेत. क्लायंटने नाकारावा म्हणून मुद्दाम ठेवलेला पर्यायच बरेचदा निवडला जातो.

९. ॲनिमॅटिक खरंच लागतो का? त्यात दोन दिवस जातात.

निवेदन असलेल्या प्रत्येक कामाला लागतो. स्टोरीबोर्डच्या चौकटी टाइमलाइनवर ठेवा, स्वतःच्या आवाजात स्क्रॅच (कच्चं) निवेदन करा आणि सलग चालवून बघा. कुठली चौकट कंटाळवाणी होते, कुठे मजकूर वाचून होत नाही, ते तिथल्या तिथे दिसतं. २५ फ्रेम प्रति सेकंद धरलं तर एका मिनिटात १५०० फ्रेम असतात. तयार ॲनिमेशनमधले चार सेकंद कापणं म्हणजे १०० फ्रेमचं केलेलं काम फेकणं. ॲनिमॅटिकमध्ये तेच चार सेकंद कापायला अर्धा मिनिट पुरतो.

पडद्यावरच्या मजकुरासाठी एक सवय लावून घ्या. तो शांतपणे दोनदा वाचून होईपर्यंत पडद्यावर राहिला पाहिजे. तुम्हाला तो पाठ झालेला असतो, म्हणून हे दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

१०. क्लायंटला कागदावर काही दिसत नाही. म्हणतो, ‘आधी थोडं करून दाखवा.’ काय करू?

त्याचं म्हणणं रास्त आहे. हालचाल कागदावर दिसत नाही. आपल्याच मातीतला दाखला आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा पहिल्या चित्रपटासाठी भांडवल नव्हतं. चित्रपट म्हणजे काय हे सावकाराला तोंडी सांगून पटलं नसतं. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, रोप वाढेल तसं एकेक फ्रेम टिपत गेले, आणि बी रुजून वेल वर चढताना पडद्यावर दाखवली. पैसे उभे राहिले. पुढे १९१३ मध्ये त्यांनी बिऱ्हाड नाशिकला आणलं, आणि आगपेटीतल्या काड्या हलवून केलेला ॲनिमेशनपटही त्यांच्या नावावर आहे.

त्या वाटाण्याच्या फिल्ममध्ये कथा नव्हती, नट नव्हते. जे तंत्र पटवायचं होतं तेवढंच होतं. तुम्हीही तसंच करा. पूर्ण व्हिडिओचा पहिला भाग करून दाखवू नका. ज्या एका हालचालीवर कन्सेप्ट उभा आहे तेवढीच तीन ते पाच सेकंदांत करा: देठाचा रंग उतरणं, मोराचं ओळीओळीने चढणं. त्याचा खर्च कोटेशनमध्ये ‘मोशन टेस्ट’ म्हणून वेगळा दाखवा. फुकट टेस्ट केली की चार जणांकडून फुकट टेस्ट मागवणारे क्लायंट वाढतात आणि त्याचा त्रास धंद्यातल्या सगळ्यांना होतो.

११. मराठी अक्षरं ॲनिमेट करताना तुटतात. याचं नियोजन आधी करता येतं का?

करता येतं, आणि केलंच पाहिजे. टायपोग्राफीवर उभे असलेले बरेच कन्सेप्ट रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून सुचलेले असतात. ‘एकेक अक्षर टाइप होत येईल’ हे ऐकायला सोपं वाटतं. ‘नाशिक’ हाच शब्द घ्या. न आला, काना आला, श आला, आणि मग वेलांटी आली ती श च्या डावीकडे. आधी दिसत असलेला श उजवीकडे उडी मारतो. ‘त्र्यंबकेश्वर’ला तर त, मग पाय मोडलेला त्, मग त्र, मग त्र्य, अशी पहिल्या अक्षराची निदान चार रूपं एका पाठोपाठ चमकून जातात. प्रेक्षकाला ते बिघडल्यासारखं वाटतं आणि त्याचं बरोबर असतं.

म्हणून कन्सेप्टच्या टप्प्यावरच ठरवा की आपलं एकक काय. शब्द हे सगळ्यात सुरक्षित एकक. अक्षर हवं असेल तर उच्चारातलं पूर्ण अक्षर धरा: ना-शि-क, त्र्यं-ब-के-श्व-र. त्यासाठी मजकुराचे आकार करून हाताने गट पाडावे लागतात. ते दिवस वेळापत्रकात धरा.

शिरोरेषा ही तर आपल्याला मिळालेली देणगी आहे. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की ती तुटते, म्हणून अक्षरं लांब-जवळ करणारी हालचाल टाळा. उलट आधी शिरोरेषा ओढली जाते आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर उतरतं, ही हालचाल दुसऱ्या फार थोड्या लिप्यांना शोभेल. हातांनी लिहिताना आपण रेघ शेवटी ओढतो, तोही क्रम वापरता येतो, फक्त दोन्हींतला एक निवडा आणि पूर्ण व्हिडिओत तोच ठेवा.

काही तांत्रिक गोष्टी पहिल्याच दिवशी तपासा. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्या हाताळणारं टेक्स्ट इंजिन निवडलेलं आहे ना? क्लायंटने पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमधला? फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी वळणं आहेत का? मुक्ता, बालू, नोटो सॅन्स देवनागरी हे तिन्ही फॉन्ट मोफत मिळतात आणि त्यांत जाडीचे प्रकार भरपूर आहेत. दोन ओळींतलं अंतर रोमनपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो.

१२. संगीत आधी ठरवायचं की शेवटी लावायचं?

हालचाल ठेक्यावर बसवायची असेल तर ॲनिमॅटिकच्या आधी. मिनिटाला १२० ठोके असलेलं संगीत २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर घेतलं तर एक ठोका साडेबारा फ्रेमवर पडतो आणि एकाआड एक ठोक्याला की-फ्रेम (हालचाल जिथे बदलते ती फ्रेम) अर्ध्या फ्रेमने चुकते. १०० ठोके असतील तर बरोबर १५ फ्रेम, १२५ असतील तर १२. टाइमलाइन ३० फ्रेमची असेल तर मात्र १२० चालतात, १५ फ्रेमला एक. हे गणित एकदा मांडलं की पुढचे कितीतरी तास वाचतात. निवेदनप्रधान व्हिडिओत संगीत नंतर आलं तरी चालतं, पण त्याचा परवाना कुणी घ्यायचा ते आधी ठरवा.

१३. एकच व्हिडिओ यूट्यूब, रील आणि दुकानातल्या टीव्हीवर चालेल ना?

१६:९ मध्ये (आडवा) करून नंतर ९:१६ ला (उभा) कापायचा विचार असेल तर नाही. स्टोरीबोर्डच्या प्रत्येक चौकटीवर दोन्ही आकार आखा. डावीकडून उजवीकडे जाणारी हालचाल उभ्या चौकटीत मरते, तिथे वरून खाली येणारी लागते. कन्सेप्टच आडवा असेल, उदाहरणार्थ गोदावरीचा प्रवाह, तर उभ्या व्हिडिओसाठी वेगळा स्टोरीबोर्ड करा आणि त्याचे पैसेही वेगळे लावा. रीलमध्ये खालचा भाग आणि उजवी कड बटणांखाली जाते, तिथे मजकूर नको. व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली नाही तर बारीक अक्षरं फुटतात, त्यामुळे ॲप्रूव्हलची फाइलसुद्धा डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

१४. सिंहस्थाच्या एलईडी स्क्रीनसाठी माहितीचे व्हिडिओ करायचे आहेत. काय वेगळं ध्यानात ठेवू?

जवळजवळ सगळंच. २०२७च्या सिंहस्थात गर्दी चालती असेल, उन्हात किंवा पावसात असेल, आणि तिला निवेदन ऐकू येणार नाही. त्यामुळे प्रश्न ६ आणि ९ मधलं निवेदनाचं गणित इथे लागू नाही. चालत जाणाऱ्याची नजर दोन-तीन सेकंद मिळते. ‘सुरुवात, मध्य, शेवट’ असं काही ठेवू नका, कुठूनही बघितलं तरी कळेल असा, पुन्हा पुन्हा फिरणारा छोटा लूप करा. एका स्क्रीनवर एकच गोष्ट: रामकुंड या बाजूला, बाहेर पडायचा रस्ता त्या बाजूला. लोक देशभरातून येतात, म्हणून बाण आणि चित्र आधी, मजकूर नंतर, आणि तो निदान मराठी-हिंदीत.

बाणाची हालचाल प्रत्यक्ष रस्त्याच्या दिशेशी जुळली पाहिजे. स्क्रीन कुठल्या तोंडाने उभी राहणार हे ठरल्याशिवाय डावा-उजवा बाण करूच नका. गर्दीत उलट्या बाणाने गोंधळ उडाला तर तो सावरता येत नाही. रामकुंड नाशिकला आणि कुशावर्त त्र्यंबकेश्वरला, हा फरक बाहेरून येणाऱ्याला ठाऊक नसतो, तोही एका फ्रेममध्ये स्पष्ट करा.

स्क्रीनचे पिक्सेल किती हे पुरवठादाराला विचारा. पी-१० पॅनलमध्ये दोन पिक्सेलमधलं अंतर १० मिलिमीटर असतं, म्हणजे ४ मीटर बाय ३ मीटरची भली मोठी स्क्रीन प्रत्यक्षात फक्त ४०० बाय ३०० पिक्सेलची असते. बारीक रेषा आणि पातळ फॉन्ट तिथे लुकलुकतात. झगमगाट तर नकोच. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप झाली तर काहींना झटका येऊ शकतो, आणि गर्दीत तसा माणूस असणार हे धरूनच चालावं.

१५. एक मिनिटाच्या व्हिडिओला किती दिवस मागावेत?

साध्या टू-डी कामाला मी पाच आठवडे मागतो आणि त्यातले दोन ते अडीच ॲनिमॅटिक मंजूर होईपर्यंतचे. हे क्लायंटला जास्त वाटतं. त्याला सांगा की त्याचाही वेळ यात धरलाय.

क्लायंटचा वेळ म्हणजे त्याचा हंगाम. द्राक्षवाल्यांची तोडणी जानेवारीत सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) असते. या दिवसांत त्यांच्याकडून ॲप्रूव्हल येत नाही आणि यायची अपेक्षाही धरू नये. तोडणीच्या आधी दाखवायचा व्हिडिओ पावसाळ्यात ठरवायला घ्या. कारखान्यांना मार्चअखेर बजेट संपवायचं असतं, म्हणून फेब्रुवारीत घाईचे फोन येतात. पैठणीवाले लग्नसराईच्या आणि दिवाळीच्या आधी सापडत नाहीत. वेळापत्रक करताना आधी क्लायंटचं कॅलेंडर मागून घ्या.

१६. चेंजेस संपतच नाहीत. करारात काय लिहू?

तीन कुलपं लिहा: स्क्रिप्ट, स्टाईल फ्रेमसह स्टोरीबोर्ड, आणि ॲनिमॅटिक. प्रत्येकावर दोन फेऱ्या. पुढचं कुलूप लागलं की मागचं उघडायला वेगळे पैसे. मंजुरी फोनवर नको, लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचा ‘ओके’ही चालतो. ५० टक्के ॲडव्हान्स, ॲनिमॅटिकनंतर ३०, फायनल फाइलच्या आधी २०, अशी विभागणी दोघांनाही सोयीची पडते. तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत असाल (सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते) तर १८ टक्के कर वेगळा दाखवा, नाहीतर शेवटी त्यावरूनच वाद होतो.

१७. स्टोरीबोर्डसाठी एआयने चित्रं केली तर चालतील?

मूडबोर्डसाठी चालतील, क्लायंटला सांगून. स्टाईल फ्रेमसाठी मी करत नाही. एआयचं चित्र एकसंध असतं. त्याचे थर सुटे करून हलवता येतीलच असं नाही, आणि क्लायंटने मंजूर केलेलं ते चित्र पुढच्या ४० चौकटींत तसंच राखणं तुमच्या गळ्यात पडतं. शिवाय स्थानिक तपशील चुकतो. पैठणीचा मोर कुठल्याही मोरासारखा येतो आणि द्राक्षाच्या मांडवाला युरोपातल्या बागेचं रूप येतं. येवल्याच्या विणकराला ते दाखवायची माझी हिंमत होणार नाही.

१८. क्लायंट सोर्स फाइल (जिच्यात बदल करता येतात ती मूळ फाइल) मागतो. द्यायची का? कॉपीराइट कुणाचा?

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, करवून घेणारा असतो. म्हणजे तयार व्हिडिओवर तुमचा हक्क राहावा असं वाटत असेल तर ते आधी लेखी हवं. सोर्स फाइल द्यायची की नाही हाही करारात लिहायचा मुद्दा. द्यायची असेल तर तिची किंमत लावा आणि फॉन्ट, संगीत, प्लग-इनचे परवाने तिच्यासोबत जात नाहीत हे स्पष्ट करा. न निवडलेले कन्सेप्ट तुमचेच राहतील, हे एक वाक्य मी कधीच विसरत नाही. रक्कम मोठी असेल तर वकिलाला मसुदा दाखवा.

१९. दोन पार्टनर आहेत. एकाला कन्सेप्ट आवडला, दुसऱ्याला नाही. मध्ये मी अडकलोय.

प्रश्न ३ मधला चौथा प्रश्न याचसाठी आहे. तो विचारायचा राहून गेला असेल तर दोघांना एकत्र बसवा, वेगवेगळ्या फोनवर बोलू नका. ‘आवडलं का’ हा विषय बाजूला ठेवून सही केलेला ब्रीफ समोर ठेवा आणि विचारा: यातलं कुठलं उत्तर आता बदललंय? बरेचदा दुसऱ्या पार्टनरच्या मनात प्रेक्षकच वेगळा असतो. एकाला व्हिडिओ डीलरसाठी हवा असतो, दुसऱ्याला गिऱ्हाइकासाठी. मग ते दोन व्हिडिओ आहेत. दोन्ही कन्सेप्टचे तुकडे जोडून दोघांना खूश करणारा तिसरा मात्र करू नका. तो दोघांनाही पसंत पडत नाही आणि त्यावर नाव तुमचं राहतं.

२०. नियोजन करता करता लक्षात आलं की या कामाला व्हिडिओची गरजच नाही. मग?

सांगून टाका. प्रश्न २ मधली भिंतीवरची तपासणी दोन-तीनदा करूनही पोस्टरच पुरतं असं दिसत असेल, तर क्लायंटचे पैसे वाचवा. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत ठेवींचे चार आकडे दाखवायचे असतील तर एक नीट मांडलेलं पान पुरतं, गोल फिरणारे चार्ट नकोत. हे सांगायचं धैर्य यावं म्हणून कन्सेप्टच्या टप्प्याचं शुल्क निर्मितीपासून कायम वेगळं ठेवा, म्हणजे काम तिथे थांबलं तरी तुमची मेहनत भरून निघते. क्लायंटला ब्रीफ, कन्सेप्टच्या नोंदी आणि पोस्टरचा कच्चा आराखडा द्या आणि तेवढ्याचं बिल करा.